प्रिंटरचा अबोला

३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

हे नाव तुझ्या मामाने ठेवलेलं, मी नुसतं वापरते. मामीची मेल आली म्हणून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. माझ्या घशातली गाठ काढली हे मामाने तुला फोनवर सांगितलंच असेल. गाठ साधी निघाली, पण महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद आहे. त्यामुळे घरात सध्या मामा एकटाच बोलतो, माझ्या वाट्याचंही तोच बोलतो. काल भाजीवालीला म्हणाला, "हिला तुमचे टोमॅटो पसंत नाहीत." मी टोमॅटोकडे पाहिलंही नव्हतं. म्हणून या कामात त्याला मध्ये न घालता थेट तुला लिहितेय.

तू पाठवलेला प्रिंटर पोचला. देखणा आहे. मामाने तो बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटाशेजारी मांडलाय आणि वायफायला जोडूनही दिलाय. निळा दिवा लागलेला असतो, पण माझ्या टॅबला तो सापडत नाही. मामाच्या फोनलाही नाही. एका खोलीत तिघे, आणि तिघांचा अबोला. चौथी मी.

तुला माहीत नसेल, मी मास्तरांचं टेलरिंगचं दुकान सोडलं. इतकी वर्षं कापड मी बेतायचं आणि कॉलरच्या आत पट्टी त्यांच्या नावाची. आता नाटक कंपनीच्या बाईंनी सैनिकांचे कोट मला सांगितलेत. माझ्या नावावरचं हे पहिलं काम. प्रत्येक नटाच्या मापाप्रमाणे कोटाचे भाग मी टॅबवर आखलेत. ते कागदावर खऱ्या मापात छापायचे, पानं एकमेकांना चिकटवायची, मग त्यावरून कापड कापायचं. वीस तारखेला बाई पहिला कोट नटाच्या अंगावर बघणार आहेत. बसला तर सगळे कोट माझे, नाहीतर काम मास्तरांकडे. त्यांनी हे तोंडावर सांगितलं, ते मला आवडलं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं होतं. पानावर तपासायला पाच सेंटिमीटरचा चौकोन असतो, तो पाच भरेना. त्याच्या मशीनने सगळंच आकसवलं होतं. दुकानदार म्हणतो, "ताई, एवढ्याशा फरकाने काय होतंय?" मला बोलायची बंदी होती म्हणून वाचला. आणि हाताने आखायचं म्हटलं, तर मास्तरांच्या दुकानातलं ते लांब टेबल आता माझं नाही.

तू कशी आहेस हे विचारत नाही. "ठीक" असं लिहिशील.

मामी

४ फेब्रुवारी

मामींस नमस्कार.

तब्येतीचं मामाने कळवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय तोवर बोलू नका.

प्रिंटरवर काही टाकलं असेल तर काढा. मग राउटर, प्रिंटर आणि टॅब तिन्ही बंद करा. आधी राउटर सुरू करा आणि त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग प्रिंटर, शेवटी टॅब. क्रम बदलू नका. त्यानंतर टॅबवर प्रिंटर शोधा आणि तो काय म्हणतो ते शब्द न बदलता लिहा. केबलचा उपाय सुचवत नाही, कारण तुमच्या टॅबला ती बसत नाही.

दुकान सोडल्याचं माहीत नव्हतं. चांगलं केलंत.

भाची

(मी ठीक आहे.)

५ फेब्रुवारी

अगं, तुझं पत्र आहे की औषधाच्या बाटलीवरचा कागद? मी टॅब दोनदा उलटून पाहिला, मागे अजून काही लिहिलंय का म्हणून.

झाकलेलं होतं. भरतकामाचा रुमाल, कडेला मणी लावलेला. तुला तिथे बसून कसं दिसलं? रुमाल मामाचा. जन्मभर लॉजच्या काउंटरवर बसलेला माणूस. घरात नवीन काही आलं की त्याच्यातला मॅनेजर उठून उभा राहतो. तुझ्या प्रिंटरला रोज सकाळी फडक्याने पुसतो, मला विचारतो, "झोप झाली असेल ना त्याची?"

सगळं तुझ्या क्रमाने केलं. टॅब म्हणतो, "कोणताही प्रिंटर आढळला नाही." शब्द बदललेले नाहीत. मामा टॅबवर वाकून म्हणाला, "अरे, हा काय समोर बसलाय, डोळे आहेत का तुला?" टॅबने उत्तर दिलं नाही. त्यालाही डॉक्टरीणबाई भेटल्या असाव्यात.

इकडे कापड धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. कात्रीला धार लावून आणली. नुसता कागद नाही.

मामी

६ फेब्रुवारी

मामींस नमस्कार.

घोडं कुठे पेंड खातंय ते बहुधा कळलं. राउटर दोन वेगळ्या लहरींवर चालतो, एक जलद आणि एक सावकाश. या प्रिंटरला सावकाशच तेवढी कळते. टॅब जलद लहरीवर असेल तर काही जुन्या राउटरवर दोघांची गाठ पडत नाही. जलद लहर बंद कशी करायची ते सोबत चित्रांसह पाठवलंय. मी इथे इस्पितळांची नेटवर्क तपासते, तिथेही हेच सापडतं. नव्वद टक्के हेच आहे.

शिवाय प्रिंटरच्या पडद्यावर तो कोणत्या वायफायला जोडलाय त्याचं नाव दिसेल. ते कळवा.

भाची

७ फेब्रुवारी

तुझे नव्वद टक्के पाण्यात गेले. जलद लहर बंद केली, प्रिंटर तसाच मठ्ठ. मामाचा टीव्ही तेवढा अडखळायला लागला, म्हणून पुन्हा चालू केली.

नाव पाहिलं. पडदा माझ्या अंगठ्याएवढा, त्यात सुरुवातीची अक्षरं मावतात. आपल्याच घरचं नाव आहे. मामालाही विचारलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. तो म्हणाला, "आपलंच आहे, शेजाऱ्यांचं कशाला जोडीन?"

दुपारी मास्तर तब्येत बघायला आले होते. बाहेरच्या खोलीत बसले, प्रिंटरकडे बघितलं, टॅबकडे बघितलं. मामाने कपाटातला सोनेरी काठाचा कप काढून चहा दिला. चहा संपवून म्हणाले, "ताई, खेळणी छान आहेत. पण घरात बसून कोट होत नसतात. नाटकवाल्या बाईंना मी सांगितलंय, अडचण आली तर मी आहे." माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून. मला बोलता येत नव्हतं. मामाला येत होतं, तर नेमका तेव्हाच तो मूग गिळून बसला. नंतर म्हणतो, "पाहुण्याला कसं बोलायचं?"

मला आजवर कधी एवढं वाटलं नव्हतं, पण हा कोट मला हवा आहे. मास्तरांचं तोंड बंद करायला नाही. त्यांना दाखवायला तर नाहीच. मला स्वतःला बघायचंय.

कापड बेतून, शिवून पुरं करायला किती दिवस लागतात ते तुला माहीत आहे. शिकत होतीस तेव्हा रोज माझ्यासमोर बसायचीस.

मामी

७ फेब्रुवारी

मामी,

मी चुकले. लक्षणांवरून अंदाज केला, मोजलं नाही. असं करायचं नसतं.

आता मोजूया. प्रिंटरवर "आय" असं लिहिलेलं बटण आहे. ते दाबून धरा. वायफायशिवायही तो एक पान छापेल, त्यावर त्याची सगळी माहिती असते. त्यात "पत्ता" या सदरात टिंबांनी तोडलेला आकडा असेल. तसाच आकडा टॅबच्या वायफाय सेटिंगमध्येही मिळेल. दोन्ही लिहून पाठवा. एकही अंक गाळू नका.

मास्तर म्हणाले ते वाचलं. ते चूक आहेत.

भाची

८ फेब्रुवारी

छापलं. एक पान छापलं. पहिल्यांदा आतून घरघर ऐकू आली तेव्हा मी हात मागे घेतला. पान बाहेर आलं, गरम, आणि मामाने ते दोन्ही हातांनी उचललं, बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तसं. त्यावर नुसते आकडे आहेत, पण अक्षरं काय रेखीव आहेत. म्हणजे हा मुका नाही. बोलतो, फक्त आमच्याशी बोलत नाही.

प्रिंटर: १९२.१६८.५०.७
टॅब: १९२.१६८.१.१२

दोनदा ताडून पाहिले. कापडाची मापं मी घेते तसे. पानाचा फोटोही जोडलाय.

मामी

८ फेब्रुवारी

मामी,

सापडलं. या वेळी टक्के देत नाही, कारण यात अंदाज नाही.

दोन्ही आकड्यांचा तिसरा तुकडा बघा. प्रिंटरचा ५०, टॅबचा १. म्हणजे एकाच राउटरमधून दोन वेगळी जाळी निघतात आणि प्रिंटर दुसऱ्या जाळ्यावर आहे. ते पाहुण्यांसाठी असतं. दोन्ही नावांची सुरुवात सारखी आहे, पुढचा "पाहुणे" हा शब्द तुमच्या छोट्या पडद्यात मावला नाही. पाहुण्यांच्या जाळ्यावरून बाहेरचं सगळं जग गाठता येतं, पण घरातल्या वस्तू दिसत नाहीत, आणि घरातल्यांना पाहुणा दिसत नाही. हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं असतं, घराच्या सुरक्षिततेसाठी. बिघाड कुठेच नव्हता. प्रिंटर, टॅब, राउटर, सगळे आपापल्या नियमाने बरोबर वागत होते.

मला हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तो ५० माझ्या ओळखीचा आहे. तुमच्याकडे राहून शिकत होते तेव्हा माझ्या लॅपटॉपलाही तोच होता. मला बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर कधी काही लावता आलं नाही, ते त्यामुळेच. तेव्हाही मला कारण कळलं होतं. मी विचारलं नव्हतं.

मामाला सांगा, प्रिंटर घरच्या वायफायला जोडायचा आहे.

भाची

९ फेब्रुवारी

मोजपट्टीबाई,

हे पत्र तुझ्या मामाकडून, मामीच्या टॅबवरून, मामी अंघोळीला गेली आहे तेवढ्यात.

काल तिने तुझं पत्र माझ्या नाकासमोर धरलं, "पाहुणे" या शब्दावर बोट ठेवलं आणि नुसती बघत राहिली. बोलली असती तर परवडलं असतं गं.

माझं ऐक. मी काही आंधळेपणाने जोडलं नव्हतं. लॉजमध्ये आमचा एक नियम होता. नवा माणूस आला की त्याला जिन्याजवळची, वर्दळीची खोली द्यायची नाही. रिकामी, शांत, स्वच्छ चादरीची द्यायची. आपल्या घरच्या वायफायवर टीव्ही, दोन फोन, टॅब, नुसती रेटारेटी. पाहुण्यांचं मात्र कोरं करकरीत. कुणी वापरतच नाही. म्हटलं पोरीने एवढा महागाचा प्रिंटर पाठवलाय, त्याला रांगेत कशाला उभा करा? सुखात राहू दे. तो सुखात राहिला आणि आम्ही दुःखात.

तुलाही तेव्हा तेच दिलं होतं. तुझा अभ्यास, तुझ्या परीक्षा. माझ्या सामन्यांनी आणि मामीच्या शिवणाच्या व्हिडिओंनी तुझं काम अडू नये म्हणून. घरातलं सगळ्यात चांगलं तुला द्यायचं हे आमचं ठरलेलं होतं. तुझं टीव्हीवर लागत नव्हतं हे मला आज कळतंय. तू बोलली नाहीस कधी. माझी समजूत, पोरगी खूश आहे.

आता काय करायचं ते मला सांग. तिला नको. तिच्याकडे पाटी आहे आणि ती मोठ्या अक्षरांत लिहायला लागली आहे.

मामा

९ फेब्रुवारी

मामा,

तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. मी वायफायचं नाव विचारलं, ते कुणी आणि का निवडलं हे विचारलं नाही. ती माझी तपासणी अपुरी.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जा, वायफाय निवड, यादीतलं लहान नाव घे, ज्याच्या शेवटी "पाहुणे" नाही ते (नावावर जरा थांबलास की पुढची अक्षरं सरकत येतात). पासवर्ड बाणांच्या बटणांनी एकेक अक्षर करून भरावा लागेल. घाई करू नकोस, चुकलास तर पहिल्यापासून. झालं की मामीला सांग, छापताना "पानात बसवा" नाही, "मूळ आकार" निवडायचा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराची चूक तीच होती.

आणि तेव्हा तक्रार नव्हती. नेट वेगवान होतं.

मोजपट्टी

१० फेब्रुवारी

ऐक, सगळं क्रमाने सांगते. तुला क्रम आवडतो.

मामा चष्मा कपाळावर चढवून प्रिंटरपुढे स्टूलवर बसला. आमचा पासवर्ड लांबलचक, त्यानेच ठेवलेला, चोरांना कंटाळा यावा म्हणून. पहिला कंटाळा त्यालाच आला. एकेक अक्षरासाठी बाण दाबत सगळी वर्णमाला फिरायची. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी पाटीवर अक्षरं लिहून एकेक पुसत गेले आणि तो दाबत गेला. शेवटचं अक्षर गेलं, निळा दिवा विझला, आणि मामा म्हणाला, "मारला बहुतेक." मग दिवा परत लागला.

टॅबवर शोधलं. नाव आलं. जसं काही इतके दिवस तिथेच होतं.

मूळ आकार निवडला, बोट टेकवलं. पहिलं पान सरकत आलं. मी टेप घेऊन वाट बघत उभी होते. चौकोनावर टेप ठेवली. पाच. आडवी ठेवली. पाच. पाच म्हणजे पाच, धाग्याचा फरक नाही. मी मामाकडे टेप धरली, त्याने चष्मा खाली घेऊन बघितलं आणि टाळी वाजवली. मग पानामागून पान. बाहेरची खोली पानांनी भरली, खुर्च्यांवर, जमिनीवर, मामाच्या मांडीवर. तो "डावी बाही, खालचा तुकडा" असं वाचून मला देत होता आणि मी चिकटपट्टी लावत होते. संध्याकाळपर्यंत अख्खा कोट जमिनीवर पसरला होता, कागदाचा. आम्ही भिंतीच्या कडेने चालत होतो, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून. मला ओरडावंसं वाटत होतं. पाटीवर लिहिलं, "जिंकलो." मामाने ते माझ्या वतीने मोठ्याने म्हटलं. या वेळी बरोबर म्हणाला.

आता दुसरं. तू लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. पाहुण्याला सगळं जग दिसतं, घर दिसत नाही. तू चार वर्षं माझ्यासमोर बसून अभ्यास केलास. मामा तुझा "तू", मी तुझी "तुम्ही". आम्ही फुटक्या कानाच्या कपातून चहा प्यायचो आणि तुला सोनेरी काठाचा काढून द्यायचो. तो माझ्या लग्नातला एकुलता एक उरलेला. मला वाटायचं, यापेक्षा जास्त माया दाखवायची ती कशी? आणि तू तो कप धुऊन, पुसून परत कपाटात ठेवायचीस. शब्द न बोलता. मला वाटायचं, हिला आवडतंय.

खरं सांग, तुला काय वाटायचं?

मामी

११ फेब्रुवारी

मामी,

अभिनंदन. चौकोन दोन्ही दिशांनी मोजलात हे बरोबर केलंत. बरेच लोक एकाच दिशेने मोजतात.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी फक्त प्रिंटरबद्दल लिहिलं होतं.

भाची

१२ फेब्रुवारी

मामी,

कालचं पत्र पुरं नव्हतं.

मला वाटायचं, ज्या दिवशी मला फुटक्या कानाचा कप मिळेल त्या दिवशी मी या घरची. तो कधी मिळाला नाही. मी मागितला नाही. तुम्ही दिला नाही याचं कारण मला मामाच्या पत्रातून कळलं.

एवढंच. कापायला सुरुवात केलीत का?

भाची

२१ फेब्रुवारी

माझ्या बये,

मुद्दाम उत्तर दिलं नाही. कोट हातावेगळा होईपर्यंत तुझ्या पत्राकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं असतं तर टाके वाकडे गेले असते.

काल बाई आल्या. सोबत त्यांचा मुख्य नट, इतका उंच की आमच्या दारात वाकला. मामा त्याला "उंट" म्हणतो, पाठीमागे. उंटाने कोट घातला. मी मागे उभी. खांद्यावर एक चुणी नाही. कॉलर मानेला धरून. त्याने दोन्ही हात वर केले, तलवार उपसल्यासारखा वळला, खाली बसला, उठला, आणि कोट त्याच्याबरोबर उठला. बाईंनी कॉलर उलटवून आत बघितलं. तिथे माझ्या नावाची पट्टी. म्हणाल्या, "सगळे तुम्हीच करा. आणि पुढच्या नाटकाचेही."

मास्तर आज आले. मी बोलावलं नव्हतं, बातमी ऐकून आले. पुतळ्यावरचा कोट बघितला, बाही उलटी केली, अस्तराची शिवण अंगठ्याने चाचपली. काही बोलले नाहीत. मास्तरांकडे मी इतकी वर्षं काढली, त्यांचं न बोलणं मला वाचता येतं. ते पदक आहे. मी त्यांना सोनेरी काठाच्या कपात चहा दिला.

पुढच्या महिन्यात, शेवटच्या शनिवारी नाटकाचा पहिला प्रयोग. सगळे कोट एकदम रंगमंचावर. माझी बोलायची बंदी त्याआधी उठतेय. तिकीट काढून ठेवलंय. हो-नाही कळव, नुसतं "ठीक" नको.

मामी

२३ फेब्रुवारी

मामी,

हे पत्र टॅबवर शोधू नकोस. तू वाचतेयस तो कागद प्रिंटरमधून आत्ता बाहेर आलाय. तुम्ही छापलेल्या त्या पहिल्या पानाच्या तळाशी प्रिंटरचा स्वतःचा मेलचा पत्ता होता, तो मी फोटोवरून उतरवून ठेवला होता. इथून बटण दाबलं की तुमच्या बाहेरच्या खोलीत घरघर होणार. मामा दचकला असेल. त्याला सांग, भूत नाही.

मी येते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी. मामाला घ्यायला पाठवू नकोस, मला रस्ता माहीत आहे. कोट बघायचाय, आणि तुझा आवाज ऐकायचाय. आल्यावर माझा लॅपटॉप कोणत्या वायफायला जोडायचा ते मी स्वतः ठरवणार आहे.

कपाटातला कप काढू नकोस.

तुझी,
मोजपट्टी

२३ फेब्रुवारी

मामा दचकला. दारापर्यंत पळाला, मग परत येऊन ट्रेमधून पत्र काढलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, माझ्या आधी. "मी येते"पाशी थांबून चष्मा पुसला. प्रिंटरची शाई डोळ्यात गेली म्हणतो.

सोनेरी कप आता मास्तरांचा. परवापासून रोज काहीतरी निमित्त काढून येतात, शिवण बघून जातात.

फुटक्या कानाचा घासून ठेवलाय. तो मामाचा आहे आणि तो द्यायला तयार नाही. ये आणि भांडून घे.

मामी